शून्यापासून पहिल्या लेव्हलपर्यंत : कल्पित साहसखेळातील नवख्यांची बढती

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळाला पट नसला तरी चालतो. चार-पाच माणसे, कागद, पेन्सिल आणि फासे एवढे पुरते. त्यांतला एक जण पंच होतो. तो प्रसंग सांगतो: समोर पडका बुरूज आहे, दार अर्धे उघडे आहे, आतून धुराचा वास येतो आहे. बाकीचे खेळाडू एकेका पात्राच्या वतीने बोलतात आणि आपण काय करतो ते सांगतात. निकालाची खात्री नसेल तेथे फासा टाकतात. पात्र जसजसे अनुभव मिळवते तसतशी त्याची लेव्हल वाढते.

आपल्या कॅडेटपैकी अनेकांनी हा प्रकार संगणकावर पाहिला आहे. तेथे पात्र बहुधा पहिल्या लेव्हलवर, हातात तलवार घेऊनच जन्माला येते. पण या खेळांत त्याच्याही आधीची एक पायरी आहे. ती म्हणजे शून्य लेव्हल. त्या पायरीवर पात्र अजून कोणीच नसते. ते शेतकरी असते, लोहार असते, कबरी खणणारा असते. असा साधा माणूस पहिल्या लेव्हलचा योद्धा किंवा जादूगार कसा होतो, ही बढती कोणत्या नियमाने द्यावी आणि ती देताना पंचाने व खेळाडूंनी काय सांभाळावे, हा या लेखाचा विषय आहे. सैनिकी शाळेत हा विषय परका वाटायला नको. नवखा भरती होतो आणि काही काळाने आपल्या नावापुढे काहीतरी लावायला पात्र ठरतो, हे आपण रोज पाहतो.

पंच कोठून आला

या खेळाची मुळे लष्करी शिक्षणात आहेत. प्रशियात १८१२ साली राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी राजापुढे युद्धाचा एक खेळ मांडला. त्यांचा मुलगा तोफखान्यात अधिकारी होता. त्याने १८२४ मध्ये त्या खेळाचे सुधारलेले नियम छापले. त्याला ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ असे नाव पडले. खेळ १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर चाले. एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली दोन मिनिटे. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाला लिहून देत. पंच फासे टाकून परिणाम ठरवी आणि प्रत्येक बाजूला तिच्या तुकड्यांना जेवढे दिसू शकेल तेवढेच सांगे. प्रशियाच्या सरसेनाकार्यालयाचे प्रमुख म्युफलिंग यांनी हा खेळ पाहून सैन्यात त्याची शिफारस केली. आपल्याकडे सँड मॉडेलवर उभे राहून जो विचार करायला शिकवतात, त्याच्याशी याचे जवळचे नाते आहे.

पुढे १८८० मध्ये अमेरिकन सैन्यातील चार्ल्स टॉटन यांनी ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचे नियम प्रसिद्ध केले. खेळाडू कोणतीही कृती करून पाहू शकतो आणि तिचे काय होते ते पंच ठरवतो, हे तत्त्व त्यात होते. मिनेसोटातील डेव्हिड वेसली यांच्या हाती हे पुस्तक आले. त्यांनी १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातील एका कल्पित जर्मन गावाचा खेळ चालवला. त्यात पलटणींच्या जोडीने एकेका खेळाडूला एकेका माणसाची भूमिका दिली होती. नकाशावरच्या ठोकळ्याच्या जागी माणूस आला तो येथे.

त्यांच्याच मंडळातले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधले गॅरी गायगॅक्स यांनी मिळून १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. प्रकाशन संस्थेचे नाव होते ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’, म्हणजे डावपेचांच्या अभ्यासाचे नियम. नावावरूनच घराणे कळते. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१ च्या ‘चेनमेल’ या मध्ययुगीन युद्धखेळात ‘हीरो’ चार माणसांच्या बळाने लढे. नव्या खेळात साधा माणूस आणि हीरो यांच्यामध्ये पायऱ्या घालण्यात आल्या. चौथ्या पायरीवरच्या लढवय्याला ‘हीरो’ आणि आठव्या पायरीवरच्याला ‘सुपरहीरो’ म्हटले गेले.

पहिल्या पायरीवरच्या लढवय्याला काय म्हणत? ‘व्हेटरन’, म्हणजे लढाई पाहून आलेला, मुरलेला शिपाई. नियमकर्त्यांच्या मनात पहिली लेव्हल ही कोऱ्या पाटीची जागा नव्हती. तिथवर पोचलेल्या माणसाने आधी काहीतरी पाहिलेले, सोसलेले आहे, असे ते धरून चालले होते. ते ‘आधीचे काहीतरी’ म्हणजे शून्य लेव्हल.

शून्य लेव्हल म्हणजे काय

खेळाच्या १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात लढाईच्या तक्त्यात शून्य लेव्हलच्या माणसांसाठी वेगळी जागा होती. पण तेव्हा ती पात्रे पंचाची असत. गावकरी, पहारेकरी, भाडोत्री भालाईत अशी ती माणसे. खेळाडूंनी स्वतः शून्यापासून सुरुवात करावी असे साहस १९८६ मध्ये आले. आरन ऑल्स्टन यांच्या ‘ट्रेझर हंट’ या साहसात पात्रे कैदी असतात. त्यांना नेणारे जहाज फुटते आणि ती एका बेटावर हाती काही नसताना जाऊन पडतात. १९८८ च्या ‘ग्रेहॉक अ‍ॅडव्हेंचर्स’ या पुस्तकातही शून्य लेव्हलच्या पात्रांचे नियम दिले होते.

आज ही पद्धत सर्वात जास्त ओळखली जाते ती २०१२ मध्ये निघालेल्या ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ या खेळामुळे. त्यात पात्र तयार करण्याची रीत अशी आहे. ताकद, चपळाई, दम, व्यक्तिमत्त्व, बुद्धी आणि नशीब हे सहा गुण. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि आलेला आकडा त्याच क्रमाने लिहायचा. अदलाबदल नाही. मग १ ते १०० मधला आकडा काढून धंदा ठरवायचा. धंद्याबरोबर एक हत्यार आणि एखादी वस्तू मिळते. लोहाराला हातोडा आणि सांडशी, मधमाश्या पाळणाऱ्याला काठी आणि मधाची बरणी, कबर खणणाऱ्याला फावडे. शेवटी चार बाजूंचा एक फासा टाकून हिट पॉइंट ठरवायचे. हिट पॉइंट म्हणजे पात्र किती मार सोसू शकते त्याचे माप. हे माप आर्नेसन यांनी नौदलाच्या युद्धखेळातून आणले. एका फटक्यात आपले पात्र गेलेले त्यांच्या खेळाडूंना आवडेना, म्हणून ही सोय केली, असे त्यांनी नंतर सांगितले आहे.

प्रत्येक खेळाडूला एक नव्हे, दोन ते चार गावकरी मिळतात. हा जमाव पहिल्या साहसात शिरतो आणि त्यांतले थोडे परत येतात. म्हणून या प्रकाराला ‘फनेल’ म्हणतात. आपल्या भाषेत नरसाळे. वरून बरेच ओतायचे, खालून थोडे बाहेर यायचे.

आकड्यांत फरक किती

पहिल्या लेव्हलला पोचणे म्हणजे नेमके काय मिळणे, हे गणिताने पाहू. शून्य लेव्हलच्या पात्राचे हिट पॉइंट १, २, ३ किंवा ४ असतात. सरासरी अडीच. दमाच्या गुणामुळे यात थोडा फरक पडतो, तो सध्या बाजूला ठेवू. समजा, शत्रूचा एक वार लागला आणि त्याचे नुकसान सहा बाजूंच्या फाशाने ठरते.

पात्राचा १ हिट पॉइंट असेल तर सहाही आकडे जीवघेणे. २ असतील तर पाच आकडे, ३ असतील तर चार, ४ असतील तर तीन. एकूण शक्यता ४ × ६ = २४. त्यांतल्या जीवघेण्या ६ + ५ + ४ + ३ = १८. म्हणजे लागलेला एकच वार शंभरातल्या ७५ गावकऱ्यांना संपवतो.

आता तेच पात्र पहिल्या लेव्हलला गेले. आधीच्या हिट पॉइंटमध्ये आता त्याच्या क्लासच्या फाशाची भर पडते. क्लास म्हणजे येथे इयत्ता नव्हे, पात्राचा पेशा. योद्ध्याला बारा बाजूंचा फासा, धर्मगुरूला आठ बाजूंचा, चोराला सहा बाजूंचा आणि जादूगाराला चार बाजूंचा. वरच्याच रीतीने हिशेब केला तर त्याच एका वाराने मरण्याची शक्यता अशी उतरते:

योद्धा : सुमारे १२ टक्के
धर्मगुरू : सुमारे १८ टक्के
चोर : सुमारे २४ टक्के
जादूगार : सुमारे ३४ टक्के

७५ वरून १२ वर येणे ही मोठी उडी आहे. यापुढच्या कोणत्याही बढतीत एवढा फरक पडत नाही. शिवाय आणखी एक सवलत मिळते. शून्य लेव्हलचा माणूस हिट पॉइंट संपताच मरतो. पहिल्या लेव्हलच्या पात्राला मात्र सोबत्याने धावून येऊन वाचवावे एवढा थोडा अवधी मिळतो. योद्ध्याला वाराबरोबर एखादा डाव टाकता येतो. त्यासाठी त्याला तीनच शक्यतांचा एक वेगळा फासा मिळतो. त्यावर ३ पडले आणि वारही लागला, तर शत्रूला पाडणे किंवा त्याचे हत्यार उडवणे असे काही साधते. जादूगाराला मंत्र येऊ लागतात.

तरीही पहिल्या लेव्हलचा जादूगार तीनातल्या एका लागलेल्या वाराने मरतो, हेही ध्यानात ठेवावे. बढतीने जगण्याची संधी वाढते. जगण्याची हमी ती देत नाही.

बढती देण्याच्या तीन रीती

पहिली रीत गुणांची. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’मध्ये प्रत्येक प्रसंगाला अवघडपणाप्रमाणे ० ते ४ अनुभवगुण असतात. त्या प्रसंगातून जगून निघालेल्या सर्वांना ते सारखे मिळतात. कोणी शेवटचा घाव घातला याला महत्त्व नाही. १० गुण झाले की पहिली लेव्हल, ५० झाले की दुसरी, ११० झाले की तिसरी. ही रीत सोपी आणि भांडणे टाळणारी आहे.

दुसरी रीत परत येण्याची. पहिल्या साहसातून जो जिवंत परतला तो पहिल्या लेव्हलला गेला. हिशेब ठेवायला नको. एका बैठकीत संपणाऱ्या साहसाला ही रीत बरी पडते. हिच्यात एक दोष आहे. सगळ्यांच्या मागे लपून राहिलेलाही परत येतोच.

तिसरी रीत कृतीची. ‘ट्रेझर हंट’मध्ये पात्राने बेटावर काय काय केले ते पंच पाहतो आणि त्यावरून त्याचा क्लास ठरतो. जो पुढे होऊन लढला तो योद्ध्याच्या वाटेने जातो. ज्याने कुलूप खटपट करून उघडले तो चोराच्या वाटेने.

ही तिसरी रीत आपल्याला नवी नाही. आपल्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादे शेवटच्या रांगेत पोचले की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले तेच मोहरे होई. घोड्याच्या घरात पोचले तर घोडा, हत्तीच्या घरात पोचले तर हत्ती. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमात खेळाडू मनास येईल ते मोहरे मागतो आणि बहुधा वजीरच मागतो. जुन्या नियमात प्याद्याने कोणती वाट धरली यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरे.

माझे मत असे की पंचाने पहिली आणि तिसरी रीत एकत्र वापरावी. बढती केव्हा, हे गुणांनी ठरवावे. बढती कशात, हे कृतीने ठरवावे. ‘मला जादूगार व्हायचे आहे’ असे खेळाडूने सुरुवातीलाच ठरवले असेल तर हरकत नाही. पण मग पहिल्या साहसात त्या पात्राने शिलालेख वाचायला थांबले पाहिजे, विचित्र दिव्याला हात लावून पाहिला पाहिजे. इच्छा कृतीत दिसली तरच ती मोजावी.

एक नमुना मोहीम

समजा चार खेळाडू आहेत आणि प्रत्येकाकडे तीन, असे बारा गावकरी आहेत. गावाचा एक मेंढपाळ दोन दिवसांपासून बेपत्ता आहे. त्याची काठी टेकडीवरच्या पडक्या बुरुजापाशी सापडली. सरदाराचे शिपाई चार दिवसांच्या वाटेवर आहेत. म्हणून गावकरीच निघाले.

पहिला प्रसंग, ओढा. पूल मोडलेला आहे आणि पाण्याला ओढ आहे. लाकूडतोड्याने दोर कमरेला बांधून आधी स्वतः पलीकडे जायचे ठरवले. बाकीच्यांनी दोर धरला. सगळे पार झाले. १ गुण.

दुसरा प्रसंग, दारातला लांडगा. तो भुकेला आहे आणि दारातून हलत नाही. दोघे जण सरळ अंगावर धावले. एक पडला. तेव्हा खाटकाने आपल्याजवळचे मांस लांब फेकले आणि लांडगा तिकडे गेला. लांडगा मेला नाही, पण प्रसंग सुटला. म्हणून पूर्ण २ गुण. येथे पंचाने कचरू नये. शत्रूला मारले तरच गुण, असा नियम कोठेही नाही.

तिसरा प्रसंग, जिना. काही पायऱ्यांवर धूळ आहे, काहींवर नाही. पंचाने हे सांगितले, पण कोणी विचारले नाही. घाईत पुढे गेलेला सुतार सैल पायरीवरून खाली कोसळला. त्यानंतर कबर खणणाऱ्या बाईने फावड्याच्या दांड्याने एकेक पायरी ठोकून पाहिली आणि सर्वांना धूळ नसलेल्या पायऱ्यांवरून वर नेले. ३ गुण.

चौथा प्रसंग, वरची खोली. दोन गॉब्लिन मेंढपाळाला बांधून बसले आहेत. लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहिला आणि मागच्यांना वाट करून दिली. मधमाश्या पाळणाऱ्याने मधाची बरणी जिन्याच्या तोंडाशी फोडली, त्यामुळे पळणारा गॉब्लिन घसरला. तेवढ्यात चीज करणारी बाई वार चुकवत मेंढपाळापर्यंत गेली आणि स्वतःच्या अंगाची आड करून तिने त्याच्या दोऱ्या कापल्या. आणखी तिघे गावकरी येथे पडले. ४ गुण.

बेरीज १० झाली. बारांपैकी पाच गेले, सात परतले. मेंढपाळ घरी आला. आता क्लास. लाकूडतोड्या दोनदा स्वतः पुढे झाला, तो योद्धा. दोऱ्या कापणारी बाई दुसऱ्याच्या जिवासाठी धोक्यात गेली, ती धर्मगुरूच्या वाटेने जाईल. पायऱ्या ठोकून पाहणारी बाई चोराच्या वाटेने. येथे ‘चोर’ म्हणजे कुलपे आणि सापळे जाणणारा, सावध पावलांचा माणूस. मधमाश्या पाळणाऱ्याने युक्ती केली, पण जादूकडे त्याचे लक्ष गेले नाही. त्याला पंचाने विचारावे, ‘खोलीतल्या भिंतीवरची अक्षरे तू परत येऊन उतरवून घेशील का?’ तो हो म्हणाला तर जादूगाराची वाट त्याला मोकळी.

उरलेल्या तिघांनी फारसे काही केले नाही. तेही पहिल्या लेव्हलला जातील, कारण गुण सर्वांना सारखे आहेत. पण त्यांचे क्लास खेळाडूंनी स्वतः निवडावे. पुढच्या साहसात त्यांना सिद्ध होण्याची संधी मिळेल.

ठोकून पाहायची काठी

येथे या लेखाचा खरा मुद्दा येतो. हातात तीन-तीन गावकरी असले की खेळाडू लवकरच एक हिशेब शिकतो. अंधाऱ्या बोळात कोणाला पुढे पाठवायचे? ज्याचा एकच हिट पॉइंट आहे, ज्याचे सगळे गुण कमी आहेत, त्याला. तो मेला तर नुकसान थोडे. आकड्यांच्या दृष्टीने हा हिशेब बरोबर आहे. काही खेळमंडळे त्यावर खूप हसतातही.

आपल्या शाळेत हा खेळ खेळताना मात्र या जागी थांबावे. ज्याला उद्या कोणाचे तरी नेतृत्व करायचे आहे, त्याने नवख्याला ठोकून पाहायची काठी म्हणून वापरण्याची सवय खेळातही लावून घेऊ नये. लाकूडतोड्या ओढ्यात उतरला तेव्हा धोका होताच. पण तो त्याने स्वतः घेतला आणि बाकीच्यांनी दोर धरला. दुबळ्याला ‘तू जा’ म्हणून अंधारात ढकलणे आणि कोणीतरी जायलाच हवे म्हणून दोर बांधून जाणे या दोन गोष्टी फाशाच्या लेखी सारख्याच आहेत. टेबलाभोवती बसलेल्या माणसांच्या लेखी त्या सारख्या नसाव्यात.

म्हणून खेळ न बिघडवता पाळता येतील असे काही नियम सुचवतो.

एक. प्रत्येक गावकऱ्याला नाव द्यावे आणि त्याच्या घरी कोण आहे ते एका ओळीत लिहावे. नाव असलेल्या माणसाला ढकलणे जड जाते.

दोन. कोणाला पुढे पाठवायचे असेल तर खेळाडूने हुकूम आणि कारण दोन्ही बोलून दाखवावे. ‘हा हलका आहे, फळी मोडणार नाही’ हे कारण झाले. ‘हा गेला तरी चालेल’ हे कारण नव्हे.

तीन. प्रत्येक धोक्याला आधी खूण असावी. धूळ नसलेली पायरी, ओरखडा, वास. खूण सांगितलीच नाही तर खेळाडू सावधपणा शिकत नाहीत, फक्त फाशाला दोष देतात. हे काम पंचाचे आहे.

चार. बढतीच्या आधी पडलेल्यांची नावे वाचावीत आणि ते कसे पडले ते एका वाक्यात सांगावे. सुतार जिन्यात पडला, कारण आपण घाईत होतो आणि धुळीबद्दल कोणी विचारले नाही. मग पुढच्या बैठकीची सुरुवात गावात करावी. सुताराच्या घरी निरोप कोण घेऊन जाणार, हा प्रसंग खेळावा. त्यात फासा लागत नाही.

हे केले की नरसाळ्याचा अर्थ बदलतो. खालून बाहेर आलेले सात जण नुसते नशीबवान राहत नाहीत. आपली पहिली लेव्हल कोणाच्या खर्चाने आली हे त्यांना ठाऊक असते. १९७४ च्या नियमातला ‘व्हेटरन’ हा शब्द मग खरा ठरतो.

पंच होणाऱ्याला काही सूचना

पहिले साहस तीन-चार तासांत संपेल एवढेच असावे. चार-पाच प्रसंग पुरेत. सगळेच लढाईचे नकोत, एक तरी विचाराने सुटणारा असावा. जमाव मोठा असल्याने वेळ जातो, म्हणून प्रत्येक खेळाडूने आपल्या तिघांच्या हालचाली एकदम सांगाव्यात. फासे सर्वांसमोर टाकावेत. क्रीगश्पीलच्या पंचासारखे पात्रांना दिसेल तेवढेच सांगावे, पण जे दिसते ते पूर्ण सांगावे. सगळे गावकरी गमावलेल्या खेळाडूला बाहेर बसवू नये. सुटलेला कैदी किंवा वाटेत भेटलेला प्रवासी त्याच्या हाती द्यावा.

नियमांची पुस्तके इंग्रजीत असली तरी खेळ आपल्या भाषेत चालवता येतो. हुकूम, वर्णन आणि वाद मराठीत झाले की घरापासून दूर शिकणाऱ्या मुलांची बोलती भाषाही टिकते. पालकांना एवढेच सांगावेसे वाटते की या खेळाला पडदा लागत नाही आणि खर्चही फारसा नाही. सुटीत घरी आलेला मुलगा किंवा मुलगी फासे घेऊन बसली तर एक गावकरी आपणही मागून घ्यावा.

सरावासाठी प्रश्न

१. शत्रूच्या वाराचे नुकसान आठ बाजूंच्या फाशाने ठरत असेल तर लागलेल्या एका वाराने शून्य लेव्हलचा गावकरी मरण्याची शक्यता किती? वरच्या रीतीने काढा.

२. नमुना मोहिमेतील जिन्याचा प्रसंग पुन्हा लिहा. सुतार वाचला असता अशी कोणती एक कृती कोणाला करता आली असती?

३. लांडग्याच्या प्रसंगात लांडगा मेला नाही तरी पूर्ण गुण दिले. याच्या बाजूने आणि विरुद्ध प्रत्येकी एक मुद्दा मांडा.

४. सुताराच्या घरी निरोप घेऊन तुम्ही गेला आहात. पहिली तीन वाक्ये लिहा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : एकूण शक्यता ३२, जीवघेण्या ८ + ७ + ६ + ५ = २६, म्हणजे सुमारे ८१ टक्के. चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतः लिहावे आणि वर्गात मोठ्याने वाचावे.